निम्मी किल्ली

थोरला सोमवारी दुपारी आला तो घोडे नेण्याची गाडी घेऊनच, त्यामुळे तो बोलणी करायला आलाय यावर कोणाचा विश्वास बसला नाही. गाडी नवीकोरी होती. आत रबराची जमीन, दोन्ही बाजूंना गाद्या, आणि घोड्याला उकडू नये म्हणून छताला पंखा. अण्णांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, पंख्याकडे बराच वेळ पाहिलं आणि माणसांनी कुठे बसायचं एवढंच विचारलं.

अकरा वर्षांनी घरी आलेल्या मुलाचं स्वागत एवढ्यावर आटोपलं. धाकटीने चहा ठेवला. धाकटीचा नवरा, म्हणजे या घरचा जावई आणि इथल्या रेसकोर्सचा सचिव, दाराशी उभा राहून गाडीचा नंबर वाचत राहिला, कारण दुसरं काय करावं हे त्याला सुचेना.

काजळीला न्यायला तो आला होता. तीन वर्षांची काळीभोर घोडी, मागच्या उजव्या पायाला पांढरा मोजा. राजधानीच्या मोठ्या रेसकोर्सवर थोरल्याची चाळीस घोड्यांची पागा होती, आणि चाळीसांत एकही असा नव्हता की ज्याच्याकडे पाहून माणसाने हातातला चहा गार होऊ द्यावा. काजळीबद्दल त्याला हवालदाराने फोनवर सांगितलं होतं. हवालदार हे त्याला पडलेलं नाव; तो इथला शेवटचा जॉकी. वय सेहेचाळीस, आणि मिशा वजनात धरल्या असत्या तर कधीच बाद झाला असता अशा.

थोरला सरळ मुद्द्यावर आला. काजळीची जागा इथे नाही, राजधानीत आहे. इथे तिच्यासमोर धावायला आहे कोण?

त्याचं उत्तर जावयाकडे होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. तो सचिव झाला तेव्हा एका शर्यतीत बारा-चौदा घोडे असत. आता चार असले तर त्याला गर्दी वाटे. गेल्या महिन्यात एका शर्यतीत दोनच घोडे होते, दोन्ही अण्णांच्याच पागेतले. हरलेल्या मालकाने जिंकलेल्या मालकाचं अभिनंदन करण्याची प्रथा असल्याने अण्णांना स्वतःशीच हात मिळवावा लागला होता. त्याआधी एक घोडा एकटाच धावला. इतिवृत्तात जावयाने ‘निर्विवाद’ असा शब्द वापरला आणि त्या शब्दावर तो आजही खूश होता. येत्या महिन्यात करंडकाची शर्यत होती. करंडकाला किमान पाच घोडे लागत. चारच भरले तर सभेपुढे मैदान बंद करण्याचा ठराव येणार हे ठरलेलं होतं. काजळी धरून बरोबर पाच होते. जावई रात्रंदिवस ते पाच मोजायचा. मोजून ते कधी सहा झाले नाहीत, पण मोजण्यात जरा बरं वाटे.

‘‘नियम ठाऊक आहे ना?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘ठाऊक आहे,’’ थोरला म्हणाला. ‘‘नियमामुळेच तर गेलो होतो मी.’’

नियम असा, की वावटळ या जुन्या घोड्याचं रेकॉर्ड मोडल्याशिवाय या पागेतला घोडा राजधानीला जाणार नाही. तरुणपणी अण्णांनी एकदा तीन घोडे तिकडे नेले होते. तिघे मिळून शेवटचे आले. तिकडच्या पेपरात त्यावर एक व्यंगचित्र आलं, त्यात तीन गाढवं होती आणि चौथे अण्णा. त्या दिवसापासून अण्णांनी लायकीला एकच माप लावलं. शेवटच्या खांबाजवळच्या फळ्यावर ते पांढऱ्या रंगात होतं: वावटळ, बाराशे मीटर, एक मिनिट नऊ सेकंद.

एकतीस वर्षं तो आकडा तिथे होता. माणसं त्याच्याकडे पाहून आपोआप आवाज खाली आणत. त्यानंतर धावलेल्या एकाही घोड्याला तो मोडता आला नाही. वीस वर्षांपूर्वी वेळ मोजायचं विजेवरचं यंत्र मैदानावर बसलं, त्या दिवसापासून तर सगळेच घोडे चार सेकंदांनी मंदावले. सगळे, एकाच दिवशी. याचं कुणाला नवल वाटलं नाही. समितीने आधी खाद्याची चौकशी केली, मग गवताची, मग जॉकींच्या पोटांची. शेवटी घोड्यांचं रक्तच पातळ झालंय, यावर एकमत झालं. मालकांनाही ते पटलं आणि ज्यांना पटलं ते आपापले घोडे विकून मोकळे झाले. अकरा वर्षांपूर्वी थोरल्याच्या हातचा उस्ताद नावाचा घोडा त्या यंत्रावर एक तेराला आला होता. तो या मैदानाचा गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात वेगवान घोडा होता आणि अण्णांनी त्याला जाऊ दिलं नव्हतं. उस्ताद इथेच राहिला, कुणालाही हरवत सुटला, आळसावला आणि शेवटी इतका लठ्ठ झाला की त्याचा पट्टा पुरेना.

‘‘मग मोजा,’’ थोरला म्हणाला. ‘‘उद्या सकाळी. बाराशे मीटर.’’

जावयाने खाकरून सांगितलं की यंत्र बंद आहे, त्यात मुंग्या झाल्यात. थोरल्याने खिशातून फोन काढला, तसे अण्णा म्हणाले की ज्या वस्तूवर माणसं लग्नाचे फोटो पाहतात त्या वस्तूवर ते घोडा मोजणार नाहीत.

‘‘ठीक,’’ थोरला म्हणाला. ‘‘आईच्या घड्याळावर मोजा.’’

 हा डाव थोरल्याने वाटेत गाडी चालवताना जुळवून आणला असणार. आईच्या घड्याळाला अण्णा नाही म्हणू शकत नव्हते. वावटळचा तो आकडा तिनेच मोजलेला होता. पंचवीस वर्षं ती मैदानाची अधिकृत वेळमापक होती. शेवटच्या खांबासमोरच्या पत्र्याच्या टपरीत ती बसे, आणि तिने तोंडाने सांगितलेली वेळ हीच खरी वेळ असे. जाऊन चार वर्षं झाली होती तिला.

‘‘धाकटी मोजेल,’’ अण्णा म्हणाले. ‘‘आईने तिलाच शिकवलंय.’’

थोरल्याने बहिणीकडे पाहून मान हलवली. लहानपणी खोट्या तक्रारीत एकमेकांची बाजू घेताना तो अशीच मान हलवायचा. धाकटीने कपबश्या उचलल्या आणि आत गेली.

*

घड्याळ दोन महिन्यांपूर्वी तिनेच घड्याळजीकडे नेलं होतं, काच तडकली म्हणून. घड्याळजी म्हातारा, डोळ्याला भिंग लावून जगाकडे पाहणारा. त्याने काच बदलली, किल्ली दिली, आपल्या मोठ्या घड्याळाशी लावून पाहिलं. उत्तम चालतंय, म्हणाला. मग सहज विचारलं, तुम्ही किल्ली किती देता?

‘‘अकरा,’’ ती म्हणाली.

म्हणजे अकरा कटकट. त्यांच्या घरात ही गोष्ट सांगावी लागत नसे. पणजोबांच्या काळी जास्त किल्ली देऊन एका घड्याळाची स्प्रिंग तुटली होती. त्यानंतर घरात तीन पिढ्या कुठल्याही घड्याळाला निम्मीच किल्ली दिली जाई. आजोबांनी अण्णांना सांगितलं, अण्णांनी आईला, आईने तिला. आईच्या स्टॉपवॉचला अकरा कटकट झाल्या की बोट थांबायचं.

घड्याळजीने सावकाश निम्मी किल्ली सोडली, अकरावर आणली आणि पुन्हा लावून पाहिलं. मग तिच्याकडे वळवून दाखवलं. एक मिनिट झालं तेव्हा घड्याळ छप्पन्न सेकंदांवर होतं.

‘‘याला बावीस लागतात,’’ तो म्हणाला. ‘‘अकरावर अर्धपोटी धावतं. एकेका मिनिटासाठीच चालवता, तुम्हाला कळणार कसं? दिवसभर चालवलं असतं तर जेवणाची वेळ चुकली असती.’’

रस्त्यावर आल्यावर तिने हिशेब केला. हिशेब म्हणजे काय, एक बेरीज. नऊ अधिक चार. वावटळ एक तेराला आला होता. उस्तादही एक तेराला आला होता. घोडे मंदावले नव्हते. वीस वर्षं ज्या पातळ रक्तासाठी समिती शोक करत होती ते रक्त चांगलं दाट होतं. बाराचे चार झाले, मैदान ओस पडलं, दादा घर सोडून गेला, ते सगळं त्या न दिलेल्या अकरा कटकटींमुळे.

आणि काजळी रोज सकाळी तिच्या फोनवर एक बाराच्या आसपास येत होती.

तिने कोणाला सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही; तो इतिवृत्तात लिहील याची तिला खात्री होती. सांगितलं तर आईचा आकडा खोटा ठरणार होता, असं ती स्वतःला समजावे. ते खरंही होतं. पण त्याखालचं खरं असं, की सांगितलं तर काजळी जाणार होती. काजळी जन्मली तेव्हा तिनेच तिला कोरडं पुसलं होतं. घोडी रात्रभर उभी राहत नव्हती, आणि धाकटी तिच्या पोटाखाली हात घालून तीन वेळा तिला उभी करत होती. चौथ्यांदा ती आपली आपण उभी राहिली आणि तिने धाकटीच्या खांद्यावर हनुवटी टेकवली. धाकटीला पोर नव्हतं. हे घरात कोणी बोलत नसे, आणि काजळीबद्दल ती जास्त बोलली की सगळे ऐकून घेत.

आता कपबश्या धुता धुता तिच्या लक्षात आलं, की दादाने तिच्या हातात काय दिलं आहे. घड्याळाला अकरा कटकट दिल्या तर काजळी एक आठला येणार, रेकॉर्ड मोडणार आणि जाणार. बावीस दिल्या तर एक बारा, आणि घोडी घरी. चुकीच्या घड्याळाने खरं कळणार होतं आणि बरोबर घड्याळाने खोटं. तिला फक्त घड्याळाला पोटभर किल्ली द्यायची होती. याला फसवणूक कसं म्हणणार? जगात सगळेच तर तेवढी देतात. फसवणूक इतकी निर्मळ असू शकते हे तिला माहीत नव्हतं, आणि तेच तिला खटकत होतं.

*

सकाळी धुकं गवताला चिकटून होतं. रेलिंगचे खांब अर्धे दिसत होते. पागेतले बाकीचे चार घोडे फेरीला काढले होते, ते एका रांगेत उभे होते. थोरला आणि जावई फळ्याखाली, अण्णा शेवटच्या खांबापाशी काठीवर दोन्ही हात ठेवून.

धाकटी टपरीत गेली. आईची खुर्ची तिथेच होती. तिने घड्याळ काढलं आणि किल्ली द्यायला लागली. अकरावर बोट आपोआप थांबलं, तिला ते ढकलावं लागलं. बाराव्या कटकटीचा आवाज तिला इतका मोठा वाटला की तिने मागे वळून पाहिलं. मग तेरा, चौदा. बावीसनंतर पुढे जाईना. हातातलं घड्याळ तिला वेगळंच वाटलं, ताठ, जागं झाल्यासारखं.

पलीकडच्या टोकाला हवालदाराने हात वर केला. अण्णांनी काठी उचलली. काठी खाली आली आणि तिने बटण दाबलं.

सुरुवातीला काहीच दिसलं नाही. धुक्यात एक काळा ठिपका सरकताना दिसला. आवाज नव्हता. हवालदार घोडीच्या मानेवर कागद चिकटवावा तसा चिकटलेला, हलत नव्हता, हात नाही, चाबूक नाही. मग वळण आलं. वळणावर घोडे आखडतात, बाहेर फेकले जातात. धाकटीने आयुष्यभर तेच पाहिलं होतं. काजळी वळणावर लांब झाली. एखादा माणूस झोपेतून उठून आळस देतो तशी ती पसरली, आणि मग आवाज आला, टापांचा नव्हे, आधी नुसत्या श्वासाचा, लोहाराच्या भात्यासारखा, आणि त्याच्या मागोमाग जमीन.

रांगेतल्या चारही घोड्यांनी एकदम माना वर केल्या. जावई इतिवृत्ताचं पेन हातात धरून उभा होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला शब्द सुचत नव्हता. इतकी वर्षं तो चुरस नाही म्हणून रडत आला होता. आता समोरची ही एकटी धावत होती, तिच्या मागे पुढे कोणी नव्हतं, आणि तरी त्याला त्यात काही कमी वाटत नव्हतं. करंडक, पाच घोडे, ठराव, सगळं त्याला अचानक कुणा दुसऱ्याच्या घरचं वाटलं.

थोरल्याच्या हातातला वेळ मोजणारा फोन खाली आला होता, अंगठा तेवढा बटणावर राहिला होता. राजधानीत त्याने मोठमोठे घोडे पाहिले होते. त्याला फक्त एवढंच कळत होतं की त्याच्या अंगावर काटा आलाय आणि तो थंडीचा नाही.

काजळी खांबाजवळून गेली तेव्हा रेलिंग थरथरलं, धुक्याची एक भिंत फाटून दोन्ही बाजूंना गेली, आणि अण्णांच्या डोक्यावरची टोपी उडाली. त्यांनी ती पाहिलीसुद्धा नाही. धाकटीच्या अंगठ्याने बटण दाबलं. ते तिने नाही केलं; आईने शिकवलेल्या अंगठ्याने केलं.

 मग हवालदार घोडीला फिरवून घेऊन आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता आणि मिशा तशाच होत्या.

‘‘मी काही केलं नाही,’’ तो म्हणाला. ‘‘नुसता बसलो होतो. तिलाच विचारा.’’

अण्णांनी टपरीकडे पाहिलं.

‘‘एक बारा,’’ धाकटी म्हणाली.

थोरल्याने फोन वर केला, कसाबसा. त्यावरही एक बाराच होतं. तो बघत राहिला. जे त्याने आत्ता पाहिलं ते आणि हा आकडा, दोन्ही एकाच घोडीचे आहेत यावर त्याचा विश्वास बसत नव्हता. पण अण्णांशी वाद घालायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. डाव त्याचाच होता.

अण्णांनी काजळीच्या कपाळावर हात ठेवला.  ‘‘मला वाटलं होतं मोडेल,’’ ते म्हणाले. ‘‘डोळे म्हातारे झाले. राहिली मग.’’

धाकटी जिंकली होती. ती टपरीतून उतरली. काजळीने तिला पाहिलं आणि सवयीने खांद्यावर हनुवटी टेकवली. घोडीच्या अंगातून वाफ येत होती, छाती अजून भात्यासारखी चालत होती, आणि धाकटीला कळलं की आपण हे रोज सकाळी पाहत होतो तरी कधी पाहिलं नव्हतं. फोन बघत होतो. असं काहीतरी लपवून ठेवायला इतकं मोठं घर कोणाकडे नसतं.

‘‘अण्णा,’’ ती म्हणाली, ‘‘मी किल्ली पूर्ण दिली होती.’’

‘‘म्हणजे किती?’’

‘‘बावीस.’’

अण्णांनी हात मागे घेतला. धाकटीने सगळं सांगितलं: काच, घड्याळजी, छप्पन्न सेकंद. घड्याळात काही बिघाड नव्हता, ती म्हणाली. बिघाड कशात होता ते तिने म्हटलं नाही. दोन महिने गप्प का राहिली तेही नाही. ते काजळीच्या हनुवटीवरून सगळ्यांना दिसत होतं.

अण्णांनी खाली पडलेली टोपी उचलली. ‘‘आईला माहीत होतं हे?’’

‘‘नाही. तिला अकरा सांगितल्या, तिने अकरा दिल्या.’’

‘‘मी सांगितल्या,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. तिने विचारलंही होतं, एवढ्याशाच का म्हणून.’’ ते फळ्याकडे पाहत राहिले. ‘‘मी म्हटलं, आमच्यात असंच असतं.’’

थोरल्याचं गणित उशिरा पण एकदम झालं. ‘‘म्हणजे उस्ताद,’’ तो म्हणाला. ‘‘माझा उस्ताद एक तेराला आला होता.’’

‘‘बरोबरी,’’ अण्णा म्हणाले. ‘‘मोडलं नव्हतं.’’

थोरल्याने त्यांच्याकडे पाहिलं. अकरा वर्षं, एक घर, एक लठ्ठ झालेला घोडा. मग तो हसायला लागला, आधी नाकातून, मग थांबता येईना, आणि शेवटी रेलिंगला धरून खाली बसला. जावई त्याच्याशेजारी बसला आणि पेन खिशात ठेवलं. हे इतिवृत्तात येणार नव्हतं. जरा वेळाने तो बायकोला एवढंच म्हणाला, ‘‘चारच घोडे राहिले मग.’’ तक्रार म्हणून नाही. मोजून.

‘‘आईच्या घड्याळात किती होईल हिची वेळ?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘एक आठ,’’ धाकटी म्हणाली.

‘‘मग मोडलं तिने. गाडीतला पंखा चालतो का बघ रे.’’

थोरला उठला. धाकटीने काजळीची दोरी धरली आणि घोडीला गाडीकडे नेलं. काजळी फळीवर दोनदा थांबली. धाकटी आधी चढली, तेव्हा तीही चढली. आत पुरेशी जागा होती. फक्त माणसांनी बसायची नव्हती. धाकटीने तिची मान घट्ट धरली आणि बाहेर आली नाही.

बाहेर अण्णा टपरीच्या पायरीवर बसले होते. त्यांनी घड्याळ हातात घेतलं, आधीची किल्ली सगळी सोडली, आणि पहिल्यापासून द्यायला लागले. कटकट ऐकू येत होती, गाडीतपर्यंत. थोरला चाकाशी थांबला. जावई थांबला. धाकटी आत मनातल्या मनात मोजत होती. आठ, नऊ, दहा. अकरा.

अण्णांचं बोट थांबलं.

मग बारा ऐकू आली.